पहिली ट्रेल बाइक: जुनी केडीएक्स, केटीएम २०० की वायझेड १२५?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला राहतात. कऱ्हाडला कॉलेजात असताना आरएक्स १०० चालवली आहे, जंगलात कधीच नाही. उंची ५ फूट ६ इंच, वजन ७२ किलो. युव्हारी नॅशनल फॉरेस्टच्या ट्रेलवर जाण्यासाठी जुनी टू-स्ट्रोक घ्यायची आहे आणि बजेट सगळं मिळून ३००० डॉलर. समोर तीन जाहिराती आहेत: २००३ ची कावासाकी केडीएक्स २०० (२४०० डॉलर), २००५ ची केटीएम २०० ईएक्ससी (२९०० डॉलर) आणि २००८ ची यामाहा वायझेड १२५ (२५०० डॉलर). यातली कोणती घेऊ?

आधी केडीएक्स बघायला जा. ती आतून धड निघाली तर तीच घ्या. केटीएम ही गाडी म्हणून केडीएक्सपेक्षा कमी नाही, काही बाबतींत सरसच आहे, पण २९०० डॉलर मोजल्यावर तुमच्या हातात १०० डॉलर उरतात, आणि वीस वर्षांच्या टू-स्ट्रोकला पहिल्या काही महिन्यांत १०० डॉलर पुरत नाहीत. वायझेड मात्र यादीतून आजच काढून टाका.

वायझेडचं आधी संपवतो. ती फार सुंदर गाडी आहे, पण मोटोक्रॉसची. बंदिस्त ट्रॅकवर, उड्या मारत, कायम चढ्या आरपीएमवर चालवायला बनवलेली. १२५ सीसीची सगळी ताकद वरच्या टोकाला आहे. युव्हारीत ओल्या मुळांवरून, सुट्या दगडांच्या चढावर तुम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालण्याच्या वेगाने जात असाल, तेव्हा कमी आरपीएमला तिच्यात ताकद काहीच नसते. क्लच ओढत राहायचं, नाहीतर गाडी बंद पडते. हेडलाइट नाही, मागचं चाक १९ इंची (ट्रेलला १८ इंची बरं, टायरची भिंत उंच मिळते आणि दगडावर ट्यूब वाचते), आणि सीट इतकी उंच की तुमचे पाय टोकांवर येतील. शिवाय नॅशनल फॉरेस्टमध्ये सायलेन्सरला स्पार्क अरेस्टर लागतोच, ठिणगीने वणवा लागू नये म्हणून. वायझेडला तो कंपनीकडून येत नाही. हे सगळं बदलता येतं, लोक बदलतातही, पण पहिल्या गाडीला एवढा खटाटोप कशाला?

आता उरलेल्या दोघी. केडीएक्स २०० चं हे शेवटचं रूप १९९५ ते २००६ असं चाललं आणि त्यात फारसे बदल झाले नाहीत. १९८ सीसी, वॉटर-कूल्ड, सहा गिअर, पुढे २१ आणि मागे १८ इंची चाक. कोरडं वजन १०० किलोच्या जरासं वर, म्हणजे तुमच्या जुन्या आरएक्सच्या आसपासच. खाली आणि मधे तिची ओढ इतकी सरळ आहे की नवख्या माणसाला चढावर विचार करायला वेळ मिळतो. सस्पेन्शन मऊ आहे. नव्वद किलोचा माणूस वेगात गेला तर ते तळाला आपटतं आणि त्यावरूनच तिला नावं ठेवली जातात. ७२ किलोला, ट्रेलच्या वेगाला, तेच मऊ सस्पेन्शन हवंहवंसं वाटतं. दगडावरून चाक उडत नाही, चिकटून जातं. कंपनीचा सायलेन्सर अजून जागेवर असेल तर स्पार्क अरेस्टरचाही प्रश्न मिटला.

केटीएम २०० ईएक्ससी म्हणजे १२५ च्या बारीक चौकटीत बसवलेलं १९३ सीसीचं इंजिन. वळणावर ती केडीएक्सपेक्षा चपळ, वर गेल्यावर जास्त जोरकस. मागच्या शॉकला लिंकेज (मधली सांध्यांची जोडणी) नाही, तो थेट स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) बसतो, त्यामुळे लिंकेजची बेअरिंगं गंजायची भानगड नाही. तिच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा सुट्या भागांचा. हे इंजिन २०१६ पर्यंत चालू राहिलं, त्यामुळे आजही बहुतेक सगळं मिळतं. केडीएक्सचे पिस्टन, गॅस्केट, क्रँकचे भाग बाहेरच्या कंपन्या अजून बनवतात, पण पॉवर व्हॉल्व्हचे (एक्झॉस्टमधल्या झडपेचे) काही तुकडे आणि प्लास्टिक शोधावं लागतं. पाच-सात वर्षं हीच गाडी ठेवायची असेल तर हा मुद्दा हलका नाही. केटीएमवाला २४०० वर आला आणि त्याच्याकडे इंजिनचं खालचं काम (क्रँक, बेअरिंग) केल्याच्या पावत्या असतील, तर मी माझं मत बदलेन. तिच्या बाबतीत एक गोष्ट तपासा: क्लच हायड्रॉलिक आहे, मॅगुरा कंपनीचा, आणि त्यात मिनरल ऑइल लागतं. बऱ्याच मालकांनी त्यात ब्रेक फ्लुइड ओतलेलं असतं आणि त्याने आतली सीलं फुगून जातात. लिव्हर दाबून गाडी गिअरमध्ये ढकला. जड जात असेल किंवा लिव्हर मऊ लागत असेल तर क्लचचा खर्च किमतीतून वजा करा.

पण खरं सांगायचं तर मॉडेलची तुलना करण्यात जेवढा वेळ जातो, त्याच्या पाव वेळही लोक समोरच्या गाडीच्या क्रँककडे, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणाऱ्या दांड्याकडे, बघण्यात घालवत नाहीत. टू-स्ट्रोकमध्ये वरचं काम, म्हणजे पिस्टन, रिंग, गॅस्केट, स्वस्त आहे. दीडेकशे डॉलरचं सामान आणि शनिवारची दुपार. तुम्ही स्वतः करू शकाल. खालचं काम, म्हणजे क्रँक, कनेक्टिंग रॉड, मेन बेअरिंग, सील, यासाठी इंजिन चौकटीतून काढून केस (इंजिनचं बाहेरचं कवच) फोडावी लागते. बाहेरून करून घेतलं तर बिल सहज ७००-८०० डॉलरच्या घरात जातं. म्हणून जाहिरातीत 'टॉप एंड नुकतंच केलंय', म्हणजे वरचं काम झालंय, असं वाचून खूश होऊ नका. ते का करावं लागलं, हा प्रश्न विचारा. वेळापत्रकाप्रमाणे केलं असेल तर उत्तम. इंजिन सीझ झालं (पिस्टन तापून सिलेंडरमध्ये अडकला) म्हणून केलं असेल, तर सीझ कशामुळे झालं होतं ते शोधलं का, हे विचारा. कारण ते कारण नव्वद टक्के वेळा अजून गाडीतच असतं.

ते कारण बहुधा क्रँकची सीलं. हा भाग नीट समजून घ्या, कारण आरएक्सवरही हाच होता, पण तिथे आपले मिस्त्री बघत होते, आपण बघत नव्हतो.

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी पिस्टनच्या खाली, क्रँककेसमध्ये येतं आणि तिथून वर ढकललं जातं. म्हणजे क्रँककेस हवाबंदच हवी. क्रँकच्या दोन्ही टोकांना एकेक रबरी सील असतं. उजव्या बाजूला, क्लचकडे, सीलच्या पलीकडे गिअर ऑइल आहे. हे सील गेलं की इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतं: पांढरट जाड धूर, गाडी तापल्यावरही न थांबणारा, आणि गिअर ऑइलची पातळी गुपचूप खाली. यात इंजिन लगेच मरत नाही. डाव्या बाजूला, मॅग्नेटकडे (वीज बनवणाऱ्या भागाकडे), सीलच्या पलीकडे नुसती हवा आहे. हे सील गेलं की जास्तीची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि एखाद्या लांब चढावर पूर्ण थ्रॉटलवर असताना सीझ होतो. यात धूर नाही, तेल गळत नाही, काही दिसत नाही. फक्त कानाला कळतं. गाडी तापल्यावर थ्रॉटल थोडा उघडून पटकन सोडा. आवाज झपकन खाली येऊन ठरलेल्या आयडलला (थ्रॉटल सोडल्यावरच्या संथ गतीला) बसायला हवा. तो वरच लटकून राहिला, हळूहळू उतरला, किंवा कधी इथे कधी तिथे थांबू लागला, तर कुठूनतरी हवा शिरते आहे असंच धरा. मालक म्हणेल, 'जेटिंग (कार्ब्युरेटरमधून किती पेट्रोल जातं त्याची जुळणी) जरा बघावं लागेल.' कधीकधी तसंही असतं. पण सिद्ध करण्याची जबाबदारी त्याची. तोपर्यंत किंमत सील गेलेल्या गाडीचीच.

पक्की परीक्षा म्हणजे प्रेशर टेस्ट. इनटेक आणि एक्झॉस्ट बुचं लावून बंद करायचे, आत सुमारे ६ पीएसआय हवा भरायची आणि काही मिनिटं काटा बघत बसायचं. विकणारा माणूस त्याच्या अंगणात हे करू देणार नाही, पण विकत घेतल्यावर पहिल्या राइडच्या आधी मात्र कराच. टेस्टरची साधनं घरीही जुळवता येतात.

मग अंगणात काय करता येईल? जाण्याआधी फोनवर सांगा की गाडी थंड ठेवा, चालू करू नका. पोचल्यावर बोलत बोलत सिलेंडरवर हात ठेवा. गरम असेल तर त्याला आधी तापवून ठेवण्याची गरज का पडली, हे विचारायला संकोच करू नका. थंड केडीएक्स चोक ओढून दोन-पाच किकमध्ये सुरू व्हायला हवी. सुरुवातीचा निळसर धूर ठीक, तो मिनिटा-दोन मिनिटांत विरळ व्हायला हवा.

सुरू करण्याआधीच, सीट आणि एअर फिल्टर काढून बघा. फिल्टर स्वच्छ असला तरी तेवढ्यावर भागत नाही, बघायला येणार म्हणून तो सकाळीच धुतलेला असू शकतो. फिल्टरच्या मागची रबरी नळी, जी कार्ब्युरेटरकडे जाते, तिच्यात बोट घालून आतून पुसा. बोटाला बारीक माती लागली तर ती माती सिलेंडरमधूनही गेली आहे. इथली लाल माती कोरड्या दिवसांत पिठासारखी उडते, आणि पिस्टन-रिंगला पॉलिश पेपर लावल्यागत झिजवते. एवढ्या एका तपासणीवरून मी मालकाबद्दल जितकं ओळखतो, तितकं पाऊण तास त्याच्याशी बोलूनही कळत नाही.

पुढचं काम त्याच्या परवानगीने: एक्झॉस्ट पाइप काढा. दोन-तीन स्प्रिंगा आणि एक-दोन बोल्ट, दहा मिनिटांत निघतो. टॉर्च लावून पोर्टमधून पिस्टनची बाजू बघा. उभे खोल ओरखडे दिसले तर ते सीझ होऊन गेल्याच्या खुणा. फिकट, सरळ, नखाला न लागणाऱ्या रेषा चालतात. सिलेंडरच्या भिंतीवर कठीण लेप असतो. तो सोलला असेल तर नुसतं बोअर करून भागत नाही, सिलेंडर पुन्हा प्लेटिंगला पाठवावा लागतो. विस्कॉन्सिनमधली मिलेनियम टेक्नॉलॉजीज हे काम करते, अशी आणखीही दुकानं आहेत. त्याला दोन-अडीचशे डॉलर आणि पिस्टनचे वेगळे धरा.

पाइप निघालाच आहे तर प्लगही काढा. मॅग्नेटचं कव्हर उघडून फ्लायव्हील (तिथलं जड चाक) हाताने हळू फिरवा, पिस्टन वरच्या टोकाला आणा आणि तिथे मागे-पुढे थोडंसं हलवा. कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग गेलं असेल तर बोटांना बारीक 'टक' लागतो. रॉडला आडवा, बाजूचा प्ले (ढिलेपणा) असतोच, त्याला घाबरायचं कारण नाही. उभा प्ले अजिबात नको. फ्लायव्हील धरून वर-खाली उचलून बघा. तिथे हालचाल लागली तर मेन बेअरिंग गेलं. यातलं काहीही सापडलं तर २४०० ची गाडी १४०० ची झाली, आणि तेही तुम्हाला इंजिन उघडायची हौस असेल तरच.

कॉम्प्रेशन गेजचा आकडा सांगून लोक समाधान करतात. त्यावर मी फार विसंबत नाही. गेज बदललं की आकडा बदलतो, आणि नव्या रिंगा टाकून कोणीही तो एका दिवसात छान आणू शकतो. क्रँकबद्दल तो आकडा एक अक्षर सांगत नाही.

केडीएक्सचा स्वतःचा एक खास भाग म्हणजे तिचा पॉवर व्हॉल्व्ह. कावासाकी त्याला किप्स म्हणते. एक्झॉस्ट पोर्टची उंची आरपीएमप्रमाणे बदलणारी झडप, लहान दातेरी चाकांनी आणि पट्टीने फिरणारी. कार्बन साचून ती अडकते, किंवा कोणीतरी इंजिन जोडताना दाते चुकीच्या जागी बसवलेले असतात. चालवून बघताना तिसऱ्या गिअरमध्ये खालून सावकाश पूर्ण थ्रॉटलवर न्या. मधे एके ठिकाणी आवाज बदलून गाडी जोर धरते. तो बदल आलाच नाही, गाडी नुसती गुरगुरत राहिली, तर झडप बंद अवस्थेत अडकली आहे. खाली मरगळलेली पण वर ठीक असेल तर उघड्या अवस्थेत. नुसती साफसफाई असेल तर किरकोळ काम आहे. दाते झिजले असतील तर मघाशी म्हटलेली सुट्या भागांची शोधाशोध.

बाकीचं भराभर बघून घ्या. रेडिएटर वाकले आहेत का, पाण्यात तेलाचा तवंग आहे का, पुढचं चाक उचलून हँडल फिरवताना मधे खाच लागते का, मागचं चाक धरून स्विंगआर्म आडवा हलतो का, स्पोक सैल आहेत का. चेन-स्प्रॉकेट, टायर, ग्रिप, लिव्हर यांचा खर्च होणारच आहे, त्यावरून गाडी नाकारू नका. फुटपेगजवळ आणि इंजिनच्या खाली चौकटीवर वेल्डिंगच्या खुणा असतील तर मात्र परत या. चौकटीवरचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) खरवडलेला नाही ना, हे बघा. त्यातलं दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं, २००३ ला ३ आणि २००५ ला ५. एनआयसीबी या अमेरिकेतल्या विमा-गुन्हे तपासणाऱ्या संस्थेच्या व्हीआयएनचेकवर चोरीची नोंद फुकट तपासता येते. कागद नसले तर निदान सहीचं बिल ऑफ सेल (विक्रीची पावती) घ्या.

आरएक्सचा अनुभव किती कामी येईल, असंही तुम्ही विचारलं आहे. कान कामी येईल. प्लगचा रंग वाचणं कामी येईल. पण दोन सवयी बदलाव्या लागतील. आरएक्सला वेगळी ऑइलची टाकी आणि पंप होता, तेल आपोआप जायचं. केडीएक्सला पंप नाही. तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं, मॅन्युअलप्रमाणे ३२ ला १, म्हणजे एका गॅलनला ४ औंस. तेल न घातलेलं पेट्रोल चुकून टाकीत गेलं तर काही मैलांत इंजिन संपतं. म्हणून मिसळलेल्या पेट्रोलचा कॅन वेगळ्या रंगाचा ठेवा आणि त्यावर तारीख लिहा. इथल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरचा फ्लोट बाऊल (पेट्रोल साठणारी वाटी) रिकामा करा, नाहीतर पायलट जेट (कमी आरपीएमला पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) चिकटून बसतो आणि मग सीलची नि जेटची लक्षणं एकमेकांत मिसळून डोकं फिरतं. दुसरी सवय पायांची. आरएक्सवर दोन्ही पाय सपाट टेकायचे. केडीएक्सची सीट ९२ सेंटीमीटरच्या आसपास आहे. तुमच्या उंचीला एक पाय नीट टेकेल, दोन्ही नाहीत. लगेच सीट कापू नका. आधी मागच्या शॉकची स्प्रिंग तुमच्या वजनाला बसवा: पूर्ण कपडे, बूट, हेल्मेट घालून बसल्यावर मागची बाजू साधारण १०० मिलिमीटर खाली आली पाहिजे. तेवढ्याने उंची आटोक्यात वाटते. पाय कुठल्या बाजूला टाकायचा, उताराची बाजू की चढाची, हे एका-दोन राइडमध्ये अंगवळणी पडतं.

वेळेबद्दल: युव्हारीचे ट्रेल डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत बंद असतात. जानेवारी-फेब्रुवारीत विकणारा गाडीकडे बघून वैतागलेला असतो आणि घेणारे कमी असतात. थांबता आलं तर तेव्हा घ्या. मार्चमध्ये हीच गाडी दोनशे डॉलरने चढते. मधल्या दोन महिन्यांत प्रेशर टेस्ट, कार्ब्युरेटरची सफाई, नवीन टायर आणि चेन हे सगळं निवांत होतं. ही गाडी रस्त्यावरून चालवत नेता येणार नाही, त्यामुळे पिकअपवाला मित्र किंवा भाड्याचा ट्रेलर याचाही हिशेब आत्ताच करा. आणि बूट. ३००० मधले दोनशे-अडीचशे चांगल्या, गुडघ्यापर्यंतच्या ऑफ-रोड बुटांसाठी आधीच बाजूला काढा, गाडीच्या भावाची घासाघीस सुरू करण्याआधी. पोटरी आणि घोटा दगड आणि फुटपेगच्या मधे सापडतो, हे इथे नित्याचं आहे.

केडीएक्स घेतलीत तर पहिल्या दिवशी गिअर ऑइल बदला. नवीन तेल मोजून, मॅन्युअलमधल्या मापाइतकंच घाला. टायरमध्ये १२ ते १४ पीएसआय हवा. पुढचा स्प्रॉकेट एक दात लहान बसवला तर पहिला गिअर आणखी संथ होतो, तेवढं सोडून गाडीत काहीही 'सुधारणा' करू नका. आधीच्या मालकाने एफएमएफ या बाहेरच्या कंपनीचा एक्झॉस्ट पाइप वगैरे लावला असेल तर जेटिंग त्याला जुळवलेलं आहे का, हे प्लग बघून ठरवा. पहिल्या तीन राइडनंतर गिअर ऑइल पुन्हा काढून मोजा. जेवढं घातलं तेवढंच निघालं तर उजवं सील शाबूत आहे. कमी निघालं आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर क्लचचं कव्हर काढून ते सील बदला. केडीएक्सवर त्यासाठी केस फोडावी लागत नाही. बदलायला काढलंच तर डावं सीलही त्याच वेळी बदलून टाका.